पांढरा असेल तर थांबून बघ

“काय रंग?” गाडीतून मामंजी ओरडले.

मी गाडीच्या मागे उकिडवी बसले होते. डोक्यावर पदर, पदरावरून नवऱ्याचा मफलर, नाकाचा शेंडा बधिर. जानेवारीत निफाडकडे अशी थंडी पडते की द्राक्षाच्या बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. सुना तडकल्या तर कोणी शेकोटी पेटवत नाही.

“पांढरा!” मी ओरडले.

“किती पांढरा? दुधावानी का ताकावानी?”

“ताकाच्या निवळीसारखा.”

“विरतोय का रेंगाळतोय?”

“विरतोय. हातभर जातो न् गायब.”

“पाणी?”

“टपटपतंय. सर्दी झाल्यासारखं.”

“शाबास! चहा टाक.”

तुळशीपाशी उभ्या असलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “देवापुढं कधी इतकी वाकली नाही ही. गाडीच्या ढुंगणापुढं बघा, कशी नम्र झाली.”

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आज माझं निफाड रस्त्यावर पीयूसीचं केंद्र आहे. गाडीच्या मागे नळी घालायची, मशीन आकडा सांगतं, मी कागद फाडून देते. पण तेव्हा मशीन मीच होते, आणि नळीऐवजी नाक.

माझे सासरे पुंजाबापू थेटे एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कोंबडीसुद्धा मारली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला निवृत्तीनंतरही सदऱ्याला लावून ते दाढी करायला जायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी सायरंगी गाडी घेतली आणि विकलेल्या गाईच्या आठवणीत तिचं नाव ठेवलं चंद्री. मला नववीतून काढून लग्न लावून दिलेलं. वाचायची खोड मात्र सुटली नव्हती. तर दर गुरुवारी मामंजी मला चंद्रीत घालून निफाडच्या वाचनालयात नेत, मी पुस्तकं बदलून येईपर्यंत भजी खात, आणि परत आणत. वस्तीवरून बाहेर पडायचं माझं ते एकच दार होतं, आणि त्याला चार चाकं होती.

धुराचे धडे त्यांनीच दिले.

“काळा धूर म्हणजे खादाड,” ते सांगायचे. “पेट्रोल भसाभसा खाऊ राहिलं, पचत नाही. निळा म्हणजे दारुडा, इंजनातलं ऑइल पिऊ राहिलं. आणि पांढरा म्हणजे पुढारी. त्याच्यावर लगेच भरवसा ठेवायचा नाही, न् लगेच शिव्याबी द्यायच्या नाहीत. पांढरा असंल तर थांबून बघ. दोन मिनिटांत विरला तर नुसती वाफ. रेंगाळला तर आत काहीतरी फुटलंय.”

पुढचं मी वाचनालयातल्या एका मोटारदुरुस्तीच्या पुस्तकातून शिकले. त्याची शेवटची चाळीस पानं गायब होती, त्यामुळे ब्रेकबद्दल मला आजही आत्मविश्वास नाही. पण धुराचं प्रकरण शाबूत होतं. पेट्रोल जळलं की त्यातून पाणीच होतं, हे मी त्यात वाचलं आणि रात्री भाकरी थापता थापता मोठ्याने हसले. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी! ते वाफ होऊन निघतं, गार नळीत गेलं की थेंब होतं, आणि सायलेन्सरच्या टोकाला टपकतं.

“म्हणजे पेट्रोल घालायचं न् पाणी काढायचं,” मी मामंजींना म्हटलं. “एवढा महागडा नळ जगात नसेल.”

ते इतके हसले की आत्याबाईंनी आतून विचारलं, “कोण मेलं?”

पहिली दोन वर्षं ते स्वतः माझ्या शेजारी वाकून धूर दाखवायचे. मग ते गाडीतच बसून राहू लागले आणि मला मागे पाठवू लागले. मला वाटलं, आपण वरच्या वर्गात गेलो. आता रोज तोंडी परीक्षा.

त्या हिवाळ्यात मामंजी जरा विचित्र वागू लागले होते, हे खरं. सोनवण्यांच्या दारातल्या कांद्याच्या ढिगातून त्यांनी चंद्री आरपार नेली आणि वर सोनवण्यांनाच झापलं, की गावाने रस्त्यावर कांदे का टाकावेत. एकदा पाटाच्या कडेला ठेवलेल्या डांबराच्या पिंपाला त्यांनी सलग दोन मिनिटं हॉर्न दिला. “सरकना भो! माजला का?” मी पोट धरून हसले. मला वाटलं, ते माझी करमणूक करताहेत. वय झालं की माणूस एकतर देवभोळा होतो नाहीतर खोडकर. आमच्याकडे देवभोळेपणाचा कोटा आत्याबाईंनी आधीच संपवला होता.

त्या दिवशी, “चहा टाक” म्हणून झालं, मी उठून गुडघे झाडले, आणि फाटकातून काशिनाथ मिस्त्री आत आले. मिस्त्री म्हणजे मामंजींच्या डेपोतले जुने मेकॅनिक, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांना बोलावलं होतं माझ्या नवऱ्याने. संपत त्यांच्या मागेच होता, आणि त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी असतो तसा होता.

“बापू,” मिस्त्री म्हणाले, “संपत म्हणे, गाडीतून पाणी येऊ राहिलं.”

“येऊ राहिलं ना. रोजच येतं थंडीत.”

मिस्त्री चंद्रीमागे वाकले. टपटपणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं. मग उभे राहून समोरच्या कोंबडीकडे बघत म्हणाले, “हेड गॅस्केट गेलं, बापू.”

“काय?”

“गॅस्केट. रेडिएटरचं पाणी इंजनात उतरू राहिलं, न् तेच मागून बाहेर येऊ राहिलं. ब्लॉकलाबी तडा असंल.” कोंबडी निघून गेली तेव्हा त्यांनी नजर कणगीवर ठेवली. “आता ठेवण्यात अर्थ नाही. काढून टाका.”

“मी बोललोय एका भंगारवाल्याशी,” संपत घाईघाईने म्हणाला. “दुपारी येऊन ओढून नेईल.”

मामंजी गाडीतून उतरले. चंद्रीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, गाय आजारी पडली की तिच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय यावं? गुरुवार. खोटं कशाला बोलू? म्हाताऱ्याचं दुःख मला मागाहून दिसलं, आधी माझं वाचनालय दिसलं.

“सूनबाई,” मामंजी हळूच म्हणाले, “रोज सकाळी तू बघतेस. काशिनाथ खरं बोलू राहिला का?”

संपतने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आत्याबाईंनी ओठ आवळून मान हलवली. मला वाटलं, मिस्त्रीसमोर बाईमाणसानं तोंड उघडू नये, असा त्याचा अर्थ. तो अर्थ लावला नसता तर कदाचित मी गप्प बसलेही असते.

“खोटं आहे,” मी म्हणाले. “साफ खोटं.”

“सिंधू!” संपत म्हणाला.

“गाडी चालूच ठेवा मामंजी. मी दाखवते.”

आत जाऊन मी आत्याबाईंचं स्टीलचं ताट आणलं. त्या म्हणाल्या, “अगं, ते नैवेद्याचं आहे!” पण तोवर मी ते सायलेन्सरपुढे धरलं होतं. ताटाला घाम फुटला. थोडी काजळी, बाकी पाणी.

“हे बघा मिस्त्रीकाका. आपल्या चुलीवर गार ताट उपडं धरलं तरी असंच होतं. चुलीचं गॅस्केट गेलंय का?”

मिस्त्रींनी ताटावर बोट फिरवून बघितलं.

“गाडी गार होती म्हणून टपकत होतं. आता तापली की बंद होईल. थांबून बघू.” मी बॉनेट उघडलं. “रेडिएटरचं पाणी इंजनात जात असतं तर ते कमी व्हायला पाहिजे ना? गेल्या सोमवारी मी स्वतः विहिरीचं पाणी काठोकाठ भरलंय.” फडकं धरून मी झाकण काढलं, इंजिन अजून कोमटच होतं. “हे काय, अजून काठोकाठ. एक बुडबुडा दाखवा मला. आणि हे ऑइल.” मी लांब पट्टी ओढून पुसली, परत घातली, परत काढली. “पाणी मिसळलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. हे कसं आहे? सांगा ना. काकवीसारखं आहे की नाही?”

“काकवीसारखं आहे,” मिस्त्री पुटपुटले.

“मग?”

काशिनाथ मिस्त्री आयुष्यात त्याआधी खोटं बोलले नसावेत, कारण त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. त्यांनी संपतकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे, मग आपल्या चपलांकडे. “पोरगी बरोबर बोलू राहिली,” ते म्हणाले. “गाडी ठणठणीत आहे, बापू.”

मामंजींनी आरोळीच ठोकली. “माझी सून! नववी नापास आहे, नववी!”

“नापास नाही, काढलं होतं,” मी म्हणाले.

“तेच ते! चला, बसा समदे. निफाडला जाऊन भजी खाऊ. काशिनाथ, तूबी चल. तुझं इमान विकून भूक लागली असंल.” त्यांनी सदऱ्यावरचा बिल्ला सरळ केला आणि ते जाऊन स्टेअरिंगवर बसले.

मी ताट हातात घेऊन वीरासारखी उभी होते. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. आत्याबाई पायरीवर मटकन बसल्या होत्या. संपतने मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं.

“काय केलंस हे?” तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

“खरं ते सांगितलं.”

“अगं बाई, त्यांना दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“काहीच! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन म्हटलं की भांडी फेकतात. चुलत्यांचा डोळा गेला होता ना मोतीबिंदूच्या शिबिरात, तेव्हापासून. परवा मी शेजारी बसलो होतो म्हणून, शाळेच्या फाटकापाशी मी हातानं ब्रेक ओढला. पोरांपासून एवढ्यावर.” त्याने दोन बोटं दाखवली. “गाडी मेली म्हटलं असतं तर त्यांची लाज राहिली असती. मिस्त्रींच्या चार दिवस पाया पडलो मी.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तू त्यांच्या पार्टीची.”

दोन्ही खरं होतं.

“काय रंग, सूनबाई?” अंगणातून हाक आली. “निघायच्या आधी एकदा बघ!”

मी मागे गेले आणि वाकले. चंद्री एव्हाना अर्धा तास चालू होती, चांगली तापली होती. धूर नव्हताच. नळीचं तोंड कोरडं झालं होतं, फक्त गरम हवेत पलीकडची तुळस थोडी हलल्यासारखी दिसत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

किती पांढरा? दुधावानी का ताकावानी? विरतोय का रेंगाळतोय?

दोन हिवाळे. दोन हिवाळे रोज सकाळी तो माणूस मला विचारत होता, आणि मी परीक्षा देत होते. परीक्षा कसली? त्यांना माहिती हवी होती.

“काय गं? झोपली का?”

“तुम्हीच येऊन बघा, मामंजी,” मी म्हणाले. माझा आवाज मला बरा वाटला नाही.

ते उतरले. चंद्रीच्या अंगावरून हात फिरवत फिरवत मागे आले. मी नेहमी समजायचे, लाडानं फिरवतात. डिकीच्या कोपऱ्याशी हात पोचल्यावर ते वाकले, आणि कोरड्या नळीकडे बराच वेळ बघत राहिले.

“पांढरा,” ते म्हणाले. “विरू राहिलाय.”

आत्याबाईंनी पदर तोंडात धरला. मिस्त्रींनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

“हो,” मी म्हणाले. “पांढराच आहे.”

मामंजी वाकलेलेच राहिले.

“सूनबाई.”

“जी.”

“गाडी किती येळ चालू आहे?”

“अर्धा तास झाला असेल.”

“अर्धा तास तापलेल्या इंजनातून पांढरा धूर कुठून येईल गं?” ते सावकाश सरळ झाले. “मला दिसत नाही. पण येळ कळतो. आजवर तू धुराचं एक उत्तर चुकवलं नाहीस. आज चुकलीस.”

मी कोरड्या नळीकडे बघितलं.

“म्हणजे तुलाबी कळलं.”

“आत्ताच.”

“अजून कोणाकोणाला ठाऊक आहे?”

संपत आणि मिस्त्री एकमेकांकडे बघू लागले.

“कोंबड्यांना?”

“बापू,” मिस्त्री म्हणाले, “माफ कर. संपतनं गळ घातली...”

“तू आधी खोटं बोलायला शीक, काशिनाथ. गॅस्केट गेलेली गाडी अशी गाणं म्हटल्यावानी चालती का? तू तोंड उघडलं तेव्हाच मला कळलं, हे समदे मिळालेत. म्हणून हिला विचारलं. म्हटलं, ही एक तरी...” ते थांबले. सदऱ्यावरच्या बिल्ल्यावर त्यांनी अंगठा फिरवला. “शाळेपाशी पोरं होती, हो ना संपत? मला वाटलं, शेरडं आहेत.”

संपत रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, ट्रॅक्टर एका हाताने वळवणारा. मामंजींनी त्याच्याकडे, म्हणजे आवाजाकडे, तोंड केलं.

“आता रडू नको, रेडिएटर भरायचाय का? चंद्रीला काही झालं नाही. गॅस्केट माझं गेलंय.”

“मग बदलून घ्या की!” पायरीवरून आत्याबाई कडाडल्या. “नाशिकला बदलतात!”

“तू मधी बोलू नको.”

“चाळीस वर्षं नाही बोलले. आता बोलणार!” चाळीस वर्षांत त्या गप्प बसल्याचं कोणाच्याच स्मरणात नव्हतं, पण ती वेळ तो मुद्दा काढायची नव्हती.

मामंजींनी गाडी बंद केली. आवाज थांबल्यावर अंगण एकदम मोठं वाटलं. किल्ली हातात घेऊन ते माझ्यासमोर आले, थोडे डावीकडे, मग मी “इकडे” म्हटल्यावर नीट समोर.

“ही घे. तात्पुरती देतोय.”

“हिला?” संपत म्हणाला.

“तुला नाही. तुला धुराचा रंग कळत नाही.”

त्यानंतरचा महिना वस्ती विसरलेली नाही. मी स्टेअरिंगवर, मामंजी डावीकडे कान टवकारून. “क्लच सोड. हळू. हळू म्हटलं, सापावर पाय पडला का? आता दुसरा टाक. ऐक ना, ती मागू राहिली दुसरा.” आमच्या फाटकाचा एक खांब आजही तिरका आहे. सोनवण्यांनी कांद्याचा ढीग कायमचा परसदारी हलवला. संपतने मध्ये बोलायचं सोडून दिलं आणि आत्याबाई मी निघाले की तुळशीला दिवा लावू लागल्या, भर दुपारीसुद्धा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका संध्याकाळी मी पाटाच्या वळणावर चंद्री बंद पाडली, चौथ्यांदा. मामंजींनी चाचपून हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, “संपतला सांग, नाशिकच्या डॉक्टरकडं नाव घाल.”

“खरंच?”

“तुझं ड्रायव्हिंग सोसण्यापरीस चाकू बरा. किल्ली परत पायजे मला.”

आधी उजवा डोळा केला. मिस्त्रींनी गाडी नेली आणि आणली. जाताना मामंजींनी माझा हात असा धरला होता की बांगडी फुटली. ती फुटल्याचं आम्ही दोघांनीही कोणाला सांगितलं नाही.

पट्टी काढून घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी थंडीने शेवटची ऐट दाखवली. मी गाडीत बसून चंद्री सुरू केली. आरशात बघते तर मागे मामंजी उभे, काळा चष्मा लावलेले, मानेला मफलर.

मी काच खाली केली. “काय रंग, मामंजी?”

ते वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती, चष्मा काढायलाही. मी पुन्हा हाक मारणार होते, पण नाही मारली.

“पांढरा,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “निवळीवानी. हातभर जातो न् गायब. टपटप पाणीबी आहे.” मग थोडं थांबून, “काजळी किती धरली गं नळीनं. पुसत नाहीस होय?”

ते गाडीच्या बाजूने पुढे आले, हात न लावता. माझ्या खिडकीपाशी थांबले आणि एका डोळ्याने मला बघत राहिले. मला आपला पदर उगाच नीट करावासा वाटला.

“तुझ्या भांगापाशी एक पांढरा केस आहे,” ते म्हणाले.

“थांबून बघा.”

त्यांनी थांबून बघितलं.

“हा काही विरायचा नाही,” ते म्हणाले, आणि दार उघडलं. “चल, सरक तिकडं. निफाडला जाऊ. गुरुवार आहे.”

डॉक्टरांनी सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं सांगितलं होतं, आणि दुसरा डोळा अजून व्हायचा होता. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोर बघत बसले.

ते जरा वेळ दार धरून उभे राहिले. मग त्यांनी ते लावलं, चंद्रीला फेरी मारली, आणि डाव्या बाजूने मुकाट्याने आत येऊन बसले.

“बघ, ती पहिला मागू राहिली,” ते म्हणाले.